अंदाज बरोबर होता, तरीही : मदन लाल मेहता आणि ऊर्जापातळ्यांमधले अंतर

१/ हिंगोली जिल्ह्यातील हट्टा गावाच्या थांब्यावर कोणी वही घेऊन बसले आणि काळीपिवळी जीप किती किती वाजता आली हे दिवसभर टिपत गेले, असे समजू. चालकांना एकमेकांची काहीच खबर नसेल, तर नोंदी एका ठरावीक तऱ्हेने विस्कळीत दिसतील. दोन गाड्या पाठोपाठ येतील, मग बराच वेळ सामसूम, मग पुन्हा तीन एकदम.

२/ आता प्रत्येक चालक पुढची गाडी केव्हा गेली याची चौकशी करून, प्रवासी मिळावेत म्हणून अंतर राखू लागला, तर वही पालटते. वेळापत्रक अजूनही नाही. पण दोन गाड्या अगदी लगोलग येण्याचे प्रसंग जवळजवळ नाहीसे होतात. अनिश्चितता दोन्ही वह्यांत आहे. तिची जात मात्र वेगळी आहे.

३/ जड अणुकेंद्रकाची वही यांपैकी कोणत्या जातीची, हा प्रश्न १९५० च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञांपुढे उभा होता. त्याचे काटेकोर उत्तर शोधणाऱ्यांत एक तरुण होता, ज्याच्या संशोधनाची पहिली दोन वर्षे मुंबईत गेली. त्याचे नाव मदन लाल मेहता.

४/ मेहतांचा जन्म १९३२ चा, राजस्थानातील उदयपूरजवळच्या रेलमगरा गावचा. राजस्थानात पदव्युत्तर शिक्षण संपवून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापलेल्या या संस्थेचे मुख्य ठाणे तेव्हा गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होते. कुलाब्याच्या आजच्या वास्तूचे उद्घाटन व्हायला १९६२ साल उजाडायचे होते.

५/ १९५८ मध्ये मेहता फ्रान्सला गेले. पॅरिसजवळ साक्ले येथे फ्रेंच अणुऊर्जा आयोगाचे संशोधन केंद्र होते आणि तेथे क्लोद ब्लॉक यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे प्रबंधाचे काम सुरू झाले. विषय होता अणुकेंद्रकाच्या ऊर्जापातळ्या.

६/ प्रश्नाचे मूळ प्रयोगशाळेत होते. युरेनियमसारख्या जड मूलद्रव्यावर मंदगती न्यूट्रॉन सोडले, तर ते सरसकट शोषले जात नाहीत. काही नेमक्या ऊर्जांना शोषण एकदम वाढते आणि आलेखावर उंच, अरुंद सुळके उभे राहतात. प्रत्येक सुळका म्हणजे केंद्रकाची एक ऊर्जापातळी. असे शेकडो सुळके मिळत होते आणि त्यांच्या जागा कोणत्याही सिद्धांतातून काढता येत नव्हत्या. दोनशेहून अधिक कणांचा परस्परांवरील परिणाम मांडून समीकरण सोडवणे अशक्य होते.

७/ यूजीन विग्नर यांनी येथे धाडसी वाट धरली. केंद्रकातील बलांचा तपशील कळत नसेल तर तो सोडून द्यावा. त्या बलांच्या जागी यादृच्छिक संख्यांनी भरलेला एक मोठा मॅट्रिक्स घ्यावा, फक्त त्याची सममिती योग्य राखावी, आणि त्याच्या पातळ्यांमध्ये अंतरे कशी पडतात ते पाहावे. एकेका पातळीची जागा यातून कळणार नाही. अंतरांचा सर्वसाधारण नियम मात्र कळेल.

८/ १९५६ मध्ये अमेरिकेतील गॅटलिनबर्ग येथे भरलेल्या न्यूट्रॉन भौतिकीच्या परिषदेत विग्नर यांनी त्या नियमाचे एक साधे सूत्र सुचवले. सूत्राचा आशय असा की पातळ्या एकमेकींना अंतर देतात. दोन पातळ्या जवळ आल्या की त्यांच्या अवस्था एकमेकींत मिसळतात आणि त्या मिसळण्यानेच पातळ्या दूर सारल्या जातात. अगदी लहान अंतर म्हणूनच दुर्मीळ ठरते. म्हणजे केंद्रकाची वही दुसऱ्या जातीची.

९/ हे सूत्र सिद्ध केलेले नव्हते. दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या मॅट्रिक्सला ते तंतोतंत लागू पडते. प्रचंड मोठ्या मॅट्रिक्सलाही ते लागू पडेल, हा केवळ अंदाज होता. इतिहासात तो ‘विग्नरचा अंदाज’ याच नावाने राहिला.

१०/ साक्ले येथे मेहता आणि त्यांचे सहकारी मिशेल गोदँ यांनी १९६० च्या सुमारास हे कोडे हाती घेतले. त्यांची युक्ती आजही थक्क करते. झोक्याप्रमाणे एका लयीत हलणाऱ्या पुंज दोलकाचे गणित हर्मिट बहुपदींनी मांडले जाते. पुंज यामिकीतील सर्वांत शिस्तबद्ध प्रणालीची ही बहुपदी. तीच त्यांनी यादृच्छिक मॅट्रिक्सच्या गणितात आणली आणि असाध्य वाटणारी बहुविध संकलने सुटू लागली.

११/ अचूक वक्र हाती आला तेव्हा दिसले की विग्नरचा अंदाज त्याच्या अगदी जवळ होता. फरक शेकड्यात एखाद्या भागाचा. त्या वेळच्या प्रयोगांना तो फरक ओळखताही आला नसता. मग एवढ्या खटाटोपाने काय साधले, असे कोणीही विचारू शकले असते. त्याचे उत्तर मिळायला पुढची पंचवीस वर्षे लागली.

१२/ पहिली गोष्ट म्हणजे अंदाज शेजारच्या दोन पातळ्यांपुरताच होता; पद्धत मात्र कितीही पातळ्यांचे नाते सांगू शकत होती. १९६२-६३ मध्ये मेहता प्रिन्स्टनला गेले आणि फ्रीमन डायसन यांच्याबरोबर त्यांनी पातळ्यांची लांबलचक माळ किती ताठ असते हे मोजण्याचे माप तयार केले. डेल्टा-३ हे त्याचे नाव.

१३/ याच काळात दोघांनी एका बहुविध संकलनाचे मूल्य तर्काने सुचवले. सर्वसाधारण सिद्धता मिळेना. १९७४ मध्ये मेहतांनी ते कोडे एका गणिती नियतकालिकातून सर्वांपुढे ठेवले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस उलगडा झाला : आतले सेलबर्ग यांनी १९४४ मध्येच नॉर्वेजियन भाषेतील एका लेखात त्याहून व्यापक सूत्र सिद्ध केले होते. साडेतीन दशके ते जवळजवळ कोणी वाचले नव्हते.

१४/ दुसरी गोष्ट प्रिन्स्टनच्या चहाच्या वेळी घडली. १९७२ मध्ये ह्यू माँटगोमेरी हे तरुण गणितज्ञ तेथे आले होते. भारतीय गणितज्ञ सर्वदमन चावला यांनी त्यांची डायसन यांच्याशी गाठ घालून दिली. माँटगोमेरी यांनी रीमानच्या झीटा फलनाच्या शून्यांमधील अंतरांचे आपले सूत्र सांगितले. मूळ संख्यांचे रहस्य ज्या शून्यांत दडलेले मानले जाते, ती ही शून्ये. डायसन यांनी सूत्र तत्काळ ओळखले. ते यादृच्छिक मॅट्रिक्सच्या पातळ्यांचे होते.

१५/ तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष कसोटी. १९८२ मध्ये रिझवान हक, अखिलेश पांडे आणि ओरिओल बोहिगास यांनी २७ अणुकेंद्रकांची मोजमापे एकत्र केली आणि डेल्टा-३ चे माप लावले. सिद्धांत आणि प्रयोग जुळले. पुढच्याच वर्षी पांडे आणि मेहता यांचा दोन प्रकारच्या मॅट्रिक्समधील संक्रमणावरचा संयुक्त लेखही आला.

१६/ येथवर गोष्ट शेकडो कणांच्या गर्दीची होती. पण गर्दी खरोखर आवश्यक आहे का? कॅरमचा बोर्ड डोळ्यांपुढे आणावा. मोकळ्या बोर्डावर सोंगटी कडांवर आपटत शिस्तीने फिरते. बोर्डाच्या मध्यभागी एक गोल ठोकळा पक्का बसवला, की नेम केसभर बदलला तरी काही टकरांनंतर वाट पार बदलते. सोंगटी एकच, नियम तेच, आणि तरी भाकीत अशक्य. यालाच केऑस म्हणतात.

१७/ १९८४ मध्ये बोहिगास, जियानोनी आणि श्मिट यांनी अशाच बोर्डात एक पुंज कण ठेवला आणि संगणकाने त्याच्या ऊर्जापातळ्या काढल्या. अंतरे यादृच्छिक मॅट्रिक्सच्या नियमाने पडली होती. त्यावरून त्यांनी अनुमान मांडले : ज्या प्रणालीची अभिजात गती केऑटिक असते, तिच्या पुंज पातळ्या हाच नियम पाळतात. ‘क्वांटम केऑस’ या शाखेचा हा आधारस्तंभ ठरला. शिस्तबद्ध प्रणालींच्या पातळ्या मात्र बेखबर चालकांच्या जीपप्रमाणे विखुरतात, असे बेरी आणि टेबर यांनी १९७७ मध्येच दाखवले होते.

१८/ असे का व्हावे, याचा दुवा अर्धअभिजात सिद्धांतात मिळाला. कक्षांवरून पातळ्या काढण्याची जुनी रीत केऑटिक गतीला लागू पडणार नाही, हे आइनस्टाइन यांनी १९१७ मध्येच दाखवून दिले होते. १९७१ मध्ये मार्टिन गुट्झविलर यांनी पातळ्यांची घनता, फिरून मूळ जागी येणाऱ्या अभिजात कक्षांच्या बेरजेतून मांडली. १९८५ मध्ये मायकेल बेरी यांनी त्याच कक्षांवरून डायसन-मेहता माप उलगडले. १९८४ च्या अनुमानाची संपूर्ण गणिती सिद्धता मात्र आजही झालेली नाही.

१९/ महाराष्ट्रातही हा धागा पुढे चालत राहिला. १९९९ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रातील सुधीर जैन यांनी अविनाश खरे यांच्याबरोबर एक असे प्रतिमान अचूक सोडवले, ज्यात पातळ्या फक्त जवळच्या शेजाऱ्यांनाच अंतर देतात. पुण्याच्या आयसरमध्ये उमाकांत रापोल आणि एम. एस. संथानम यांच्या गटांनी अतिशीत अणूंना लेझरचे ठेके देत क्वांटम केऑसचा प्रयोग केला. त्या ठेक्यांच्या लयीत मुद्दाम गोंधळ घातला तर पुंज सुसंगती कशी ओसरते, हे त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले.

२०/ मेहता दिल्ली विद्यापीठात आणि अमेरिकेतही काही काळ राहिले, पण त्यांची कर्मभूमी साक्लेच. यादृच्छिक मॅट्रिक्सवरील त्यांचा ग्रंथ १९६७ मध्ये आला. १९९१ आणि २००४ मध्ये त्याच्या वाढवलेल्या आवृत्त्या निघाल्या. केंद्रकांसाठी लिहिलेले हे पुस्तक पुढे अंकशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि दूरसंचार अभियंत्यांच्याही टेबलावर पोहोचले. अखेरच्या दिवसांत ते उदयपूरला परतले आणि डिसेंबर २००६ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

२१/ आणि जीपची वही? ती निव्वळ कल्पना नाही. मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका शहरात खासगी बसचालक पुढची बस केव्हा गेली हे थांब्यावरच्या माणसांकडून जाणून घेत आणि त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करत. क्रबालेक आणि शेबा या संशोधकांनी तेथील वेळा टिपल्या आणि २००० मध्ये निष्कर्ष छापला. बसमधील अंतरे यादृच्छिक मॅट्रिक्सच्या नियमाशी जुळली होती.

२२/ साक्लेच्या त्या दोन तरुणांपुढे १९६० मध्ये ना बस होत्या, ना मूळ संख्या. जवळजवळ बरोबर असलेला एक अंदाज तेवढा होता, आणि तेवढ्यावर थांबायची त्यांची तयारी नव्हती.

(समाप्त)