गर्भाशय-उच्छेदन
शस्त्रक्रियेने गर्भाशय काढून टाकणे. बोलीत ‘पिशवी काढणे’. फायब्रॉइडच्या गाठी, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणे आणि कर्करोग ही मुख्य कारणे. नुसते अंगावर पांढरे जाणे किंवा कंबरदुखी हे पिशवी काढण्याचे कारण नव्हे. तरी नशिराबाद असो वा जळगाव, ‘पुढे कॅन्सर होईल’ या धाकाने बाया टेबलावर चढतात. महाराष्ट्रात हा प्रश्न गाजला तो बीडमुळे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडात ना संडास ना पाणी. पाळीच नको, असे बाईला वाटले तर नवल नाही. नफा मात्र खासगी दवाखान्यांचा.

शस्त्रक्रियेत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्राशय वा मूत्रवाहिनीला इजा संभवते. योग्य कारणासाठी केल्यास बहुतेकींना आराम पडतो. अंडाशयेही काढल्यास पाळी जाण्याची लक्षणे एकदम सुरू होतात आणि तरुण वयात हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला.