चंद्रावरचा ‘प्रज्ञान’ रोबोट : बंद पडला म्हणजे फेल गेला का? समजून घ्या

चांद्रयानाचा विषय निघाला की गावात पारावर एक प्रश्न हमखास येतो. “ती गाडी चौदा दिवसांत बंद पडली, मग एवढा पैसा पाण्यात गेला का?” म्हणून ही माहिती.

प्रज्ञान म्हणजे काय?
इस्रोचं चांद्रयान-३ १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलं आणि २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी ‘विक्रम’ लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरला. त्याच्या पोटातून सहा चाकांची एक छोटी गाडी उताराच्या फळीवरून खाली आली, ती प्रज्ञान. वजन फक्त २६ किलो, म्हणजे युरियाच्या गोणीपेक्षाही कमी. तिला नेणाऱ्या रॉकेटच्या बूस्टरचे काही भाग आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनले होते.

चालते कशी?
वर सोलर पॅनल, तेही ५० वॅटचं. आपल्या ३ एचपीच्या सौर पंपाला ३००० वॅटच्या आसपास पॅनल लागतात, त्यावरून अंदाज करा. वेग सेकंदाला १ सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला साधारण दोन फूट. चाकं अशी जोडलेली असतात की एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची जमीन सोडत नाहीत.

ही गाडी रिमोटच्या खेळण्यासारखी चालवत नाहीत. ती पुढचे फोटो काढून लँडरला देते, लँडर पृथ्वीवर पाठवतो. बंगळुरूतले शास्त्रज्ञ त्यावरून जमिनीचा चढउतार काढतात आणि मग पुढच्या जास्तीत जास्त पाच मीटरचा रस्ता सांगतात. २७ ऑगस्टला पुढे ३ मीटरवर ४ मीटर रुंदीचा खड्डा दिसला, तेव्हा गाडी मागे वळवून दुसऱ्या वाटेने नेली. मंगळावर तर निरोप पोचायलाच कित्येक मिनिटं लागतात. त्यामुळे नासाचा ‘पर्सिव्हरन्स’ रोव्हर बराचसा रस्ता स्वतःच ठरवतो.

काय मिळवलं?
आपण माती परीक्षणाला नमुना लॅबमध्ये पाठवतो. प्रज्ञानने लॅबच मातीजवळ नेली. लेसर मारून केलेल्या तपासणीत तिथे गंधक असल्याचं नक्की झालं. अॅल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, टायटॅनियमही आढळलं. लँडरने जमिनीत खुपसलेल्या तापमापकाने दाखवलं की वर ५० अंशांच्या आसपास ऊन असताना ८ सेंटिमीटर खाली उणे १० अंश होतं. पुढे तिथे माणूस राहायचा तर हे माहीत पाहिजे.

मग बंद का पडली?
चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे १४ दिवसांचा, रात्रही तेवढीच. रात्री ऊन नाही आणि थंडी उणे १०० अंशांच्याही खाली. बॅटरी आणि सर्किट त्यात टिकणं अवघड. म्हणून यंत्र बनवलंच होतं एका चांद्रदिवसासाठी. १०० मीटरहून जास्त चालून २ सप्टेंबरला त्याला झोपवलं. सूर्य उगवल्यावर उठवायचा प्रयत्न झाला, ते उठलं नाही. उठलं असतं तर तो बोनस होता. खरीपाचं पीक घरात आल्यावर खोडवा फुटला नाही, तर कोणी पीक बुडालं म्हणत नाही.

हा फोटो खोटा
चंद्राच्या मातीत अशोकस्तंभ ठळक उमटल्याचा फोटो त्या वेळी व्हॉट्सअॅपवर फिरला, अजूनही फिरतो. चाकांवर अशोकस्तंभ आणि इस्रोची खूण होती हे खरं, पण तो फोटो कॉम्प्युटरवर केलेलं चित्र आहे. पुढे पाठवू नका.

पुढे काय?
चंद्रावरची माती पृथ्वीवर आणणाऱ्या चांद्रयान-४ ला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. जपानसोबतच्या चांद्रयान-५ मध्ये सुमारे २५० किलोचा रोव्हर असणार आहे. २६ किलोच्या गाडीने वाट दाखवली, म्हणूनच आता दहापट मोठी पाठवायचा विचार होतोय.