लेबनॉनचा एक तास आणि आपल्या नोंदींची वेळ

लेबनॉनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. उन्हाळ्यातला संध्याकाळचा उजेड वापरता यावा म्हणून. यालाच डेलाइट सेव्हिंग टाइम म्हणतात. २०२३ साली हा रविवार २६ तारखेला येत होता. २३ तारखेला, म्हणजे अवघे तीन दिवस आधी, काळजीवाहू पंतप्रधान नजीब मिकाती यांनी जाहीर केलं की यंदा रमजान संपेपर्यंत घड्याळं पुढे करायची नाहीत. मॅरोनाइट चर्चने हे मानलं नाही, काही वृत्तवाहिन्यांनीही नाही. रविवार उजाडला तेव्हा एकाच देशात दोन वेळा चालू होत्या.

आता मोबाइलने काय दाखवायचं?

संगणक आतमध्ये स्थानिक वेळ सहसा मोजतच नाही. युनिक्स पद्धतीत तो १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो, तेही यूटीसीच्या हिशोबाने. ही मोजणी कोणत्याही सरकारच्या आदेशाने एक तास मागेपुढे होत नाही. बदलतो तो फक्त स्थानिक वेळेत केलेला अनुवाद. या अनुवादाचे नियम एका सामायिक माहितीसाठ्यात असतात, त्याला टीझेड डेटाबेस म्हणतात. अमेरिकेतल्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात तो सुरू केला, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला. लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन, पायथन, सगळे त्यावरच चालतात. आणि हा साठा म्हणजे काय, तर साध्या मजकुराच्या काही फायली! शेजारी टिपा: अमुक देशाने अमुक दिवशी घड्याळ बदललं, आधार अमुक बातमीचा किंवा राजपत्राचा. मला तरी त्या वाचताना इतिहासाच्या पुस्तकातल्या तळटीपाच वाचतोय असं वाटतं.

लेबनॉनच्या घोषणेनंतर लगेच या साठ्याची २०२३बी ही आवृत्ती निघाली, नवा नियम घालून. २७ तारखेला मंत्रिमंडळाने निर्णय फिरवला आणि २९च्या मध्यरात्री घड्याळं पुढे करायचं ठरलं. २८ तारखेला २०२३सी आली. तिने बी मधला बदल सरळ काढून टाकला. म्हणजे आज तुमच्या संगणकाला विचारलंत, तर लेबनॉनची घड्याळं २६ मार्चलाच पुढे गेली असं तो सांगेल. सरकारची ती चार दिवसांची अधिकृत वेळ नियमांत कुठेच नाही. ही चूक नव्हे. लोक दोन वेळा पाळत असताना कोणती नोंदवायची, हा संपादकाचा निर्णय होता, आणि मला तो पटतो. पण तो निर्णय आहे, मोजमाप नाही, हे आपण विसरतो.

हा प्रश्न फक्त गोंधळाच्या वर्षांचा नाही. अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये घड्याळ मागे घेतात त्या रात्री दीड वाजता दोनदा वाजतो. तिथल्या एखाद्या सेन्सरने फक्त स्थानिक वेळ नोंदवली असेल, तर त्या तासातल्या नोंदी एकमेकींत मिसळतात. मार्चमध्ये उलटं, एक तास गायब, आणि बघणाऱ्याला वाटतं यंत्र बंद पडलं होतं. म्हणून झालेल्या घटनेची वेळ यूटीसीत ठेवा आणि सोबत ठिकाणाचं नावही. पुढच्या तारखेचं मात्र वेगळं. २०१६ साली इजिप्तने उन्हाळी वेळ सुरू व्हायच्या जेमतेम तीन दिवस आधी रद्द केली. तिथली ऑगस्टमधली सकाळी दहाची बैठक कोणी आधीच यूटीसीत बदलून ठेवली असेल, तर ती नऊला दिसू लागली. भविष्यासाठी स्थानिक वेळ आणि ठिकाण हेच जपायचं.

आपल्याकडे हे नाहीच, असं वाटत असेल तर पायथनला १९४३ सालातल्या एखाद्या दुपारची एशिया/कोलकाता वेळ विचारून पाहा. फरक साडेपाच नाही, साडेसहा तासांचा येईल. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारतातली घड्याळं तासभर पुढे होती आणि ते त्या फायलीत आहे.

मुंबईचं मात्र नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहरात ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे असलेली ‘बॉम्बे टाइम’ स्वातंत्र्यानंतरपर्यंत टिकून होती. एकमेकांशी जुळणाऱ्या वेळांची हमी टीझेड डेटाबेस फक्त १९७० नंतरची देतो, त्यामुळे भारतासाठी त्यात कोलकात्याचाच एक विभाग आहे. १९३० सालातली मुंबईची एखादी भरती-ओहोटीची किंवा हवामानाची नोंद त्यातून यूटीसीत बदललीत, तर ती ३९ मिनिटांनी चुकू शकते. ‘शकते’ म्हणतोय, कारण त्याच शहरात रेल्वे आणि तारखातं प्रमाणवेळेवर चालायचं. नोंद घेणाऱ्याने कोणतं घड्याळ बघितलं, हे कुठलीही लायब्ररी सांगणार नाही. त्यासाठी मूळ नोंदवहीचं पहिलं पान उघडावं लागतं.