दोनशे दहा एकर आणि एक शेड

शेड हा शब्द आम्हा शेतकऱ्यांना कुणी शिकवावा लागत नाही. गोठ्याची शेड, कोंबड्यांची शेड, ट्रॅक्टर लावायची शेड. वर पत्रा, खाली माती, बाजूला भिंत नसली तरी चालतं. पण गाण्याबजावण्याच्या दुनियेत नाव कमावलेल्या एका जागेलाही लोक नुसतं 'शेड' म्हणतात, हे मला चौसष्टाव्या वर्षी पोरीकडं अमेरिकेला गेलो तेव्हा कळलं.

ती बोस्टनजवळ राहते. तिथून मोटारीनं पश्चिमेला दोन-अडीच तास गेलं की बर्कशायरचे डोंगर लागतात. आपल्या सह्याद्रीसारखे कडे नाहीत, गोलसर आणि झाडीनं भरलेले. तिथं लेनॉक्स आणि स्टॉकब्रिज या गावांच्या मधे टँगलवूड नावाची जुनी इस्टेट आहे. त्यांचा उन्हाळा म्हणजे जुलै-ऑगस्ट. आपल्याकडं पेरण्या उरकून निंदणी चालते तो काळ. त्या दिवसांत संध्याकाळच्या वेळी बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा तिथं येऊन वाजवतो. पोरीनं गवतावर बसायची तिकिटं काढली होती, आतली खुर्ची महाग पडते. त्या संगीतातलं मला काही कळत नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. पण ती जागा कशी उभी राहिली ते पोरीनं सांगितलं, जावयानं वाचून दाखवलं, आणि ते मात्र चांगलं कळलं. कारण ती जमिनीची हकीकत आहे.

मूळ जमीन मोहिकन लोकांची. अठराव्या शतकात स्टॉकब्रिज हे गाव मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी म्हणून वसवलं. पन्नासेक वर्षांत त्यांच्या हातून जमिनी गेल्या आणि ते आधी न्यूयॉर्ककडं, पुढं पार विस्कॉन्सिनपर्यंत सरकले. कुठल्याही इस्टेटीची गोष्ट सांगताना हे आधी सांगावं असं मला वाटतं. मग एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क-बोस्टनचे धनवंत आले. उन्हाळा काढायला त्यांनी मोठाले वाडे बांधले आणि त्यांना म्हणायचे 'कॉटेज'! टँगलवूड हे टॅपन घराण्याचं. त्यांच्या रानातल्या एका लहानशा लाल घरात १८५०-५१ साली नॅथॅनियल हॉथॉर्न हा लेखक राहून गेला. त्याच्या १८५३ च्या 'टँगलवूड टेल्स' या पुस्तकानं हे नाव जगभर गेलं.

१९२९ नंतर मंदी आली. असे वाडे पोसणं जड जाऊ लागलं. आणि नेमक्या त्याच दिवसांत, १९३४ च्या ऑगस्टमध्ये, तिथल्या काही संगीतवेड्या लोकांनी उघड्यावर तीन मैफली ठरवल्या. गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ नावाची खमकी बाई पुढं होती. वाजवायला न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे वादक, त्यांचा म्होरक्या हेन्री हॅडली. आणि जागा? स्टॉकब्रिजजवळच्या एका फार्मवर घोड्यांचं प्रदर्शन भरायचं, त्याचं रिंगण! आपल्याकडं बैलबाजाराच्या आवारात मैफल ठेवावी तसलाच प्रकार. मला तर हे ऐकूनच ती माणसं आपली वाटायला लागली.

दोन उन्हाळे तसे गेले. १९३६ साली बोस्टनचा ऑर्केस्ट्रा आला, सर्जी कुसेवित्स्की त्याचे प्रमुख. दुसऱ्या एका इस्टेटीवर तंबू ठोकून तीन मैफली झाल्या आणि मिळून पंधरा हजाराच्या आसपास माणूस आला. त्याच हिवाळ्यात मेरी टॅपन आणि तिची नातेवाईक मिसेस ब्रूक्स या दोघींनी टँगलवूड देऊन टाकलं. घरं, कुरणं, सगळी दोनशे दहा एकर. विकलं नाही, भाड्यानं दिलं नाही, बक्षीस दिलं. मी जावयाला दोनदा विचारलं, एकर म्हणजे आपलाच एकर ना? आपलाच. दानत होती की सांभाळायचा कंटाळा आला होता, देव जाणे. पण तुकडे न पाडता अख्खं रान एका कामाला दिलं, हे मला मोठं वाटतं.

आता पावसाचं. १२ ऑगस्ट १९३७ ला तंबूत वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या रचना चालू होत्या. मेघगर्जनेसह पाऊस आला. पहिलीच रचना दोनदा थांबवावी लागली. एक हळुवार तुकडा तर गाळलाच, कारण पावसाच्या आवाजात तो ऐकूच आला नसता. मध्यंतरात रॉबिन्सन स्मिथबाई मंचावर गेल्या आणि लोकांना म्हणाल्या, पक्कं छप्पर हवं असेल तर पैसे काढा. भिजलेल्या माणसाला छपराची किंमत सांगावी लागत नाही. पुढच्या दोन मैफलींत पत्रकं वाटली आणि थोड्याच दिवसांत कामाला लागण्याइतकी रक्कम उभी राहिली.

एलिएल सारिनेन या मोठ्या आर्किटेक्टकडून नकाशा करून घेतला. तो लाख डॉलरच्या बजेटात बसेना. त्यांनी काटछाट केली, तरी बसेना. शेवटी त्यांनी कळवलं की याहून कमी पैशात हवं असेल तर तुम्हाला नुसती शेड मिळेल, आणि ती कुठलाही बांधकामवाला आर्किटेक्टशिवाय बांधून देईल. मंडळी म्हणाली, मग शेडच बांधू! स्टॉकब्रिजचाच जोसेफ फ्रान्झ नावाचा इंजिनिअर, त्यानं आराखडा आणखी सोपा केला आणि ४ ऑगस्ट १९३८ ला तिथं बेथोवनची नववी सिंफनी वाजली. टोमणा नाव होऊन बसला.

मैफलीआधी मी ती शेड फिरून पाहिली. आकार अगदी सुपासारखा. मंचाकडं निमुळती, लोकांकडं रुंद होत गेलेली. लोखंडी खांब, बाजू उघड्या, पायाखाली फरशी नाही, माती. पाच हजारांवर माणूस आत बसतो आणि बाकीचा बाहेर गवतावर चादरी टाकून. घरून आणलेलं खातात, पोरं लोळतात, पण वाजायला लागलं की कुणी बोलत नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर आलं तेव्हा खंड पडला, पण बहुतेक उन्हाळ्यांत हे चालत आलंय.

आमच्या गावात इनामदारांचा वाडा आहे. आहे म्हणजे होता. सागवान गेलं, चिरे गेले, भाऊबंदकीचा दावा तेवढा उरला. मागचं दोन एकराचं पटांगण मोकळं पडलंय. चैत्रातल्या जत्रेला भारुड, तमाशा तिथंच होतो आणि तीन वर्षांतून दोनदा अवकाळी पाऊस कनाती उडवून नेतो. कलाकार बिचारे पेट्यांवर ताडपत्री धरून बसतात, लोक घरी जातात. आमच्याकडं वर्गणी आधीच झालेली असते, पण छपराचं नाव कुणी काढत नाही, कारण जमीन कुणाची हाच वाद.

परत आल्यावर मोबाईलमधले शेडचे फोटो पारावर दाखवले. वेल्डिंगचं काम करणारा एक पोरगा निरखून बघत म्हणाला, "नाना, याच्या दहाव्या हिश्श्याची मी उभी करून देतो. मजुरी नको, लोखंडाचं बघा." पटांगणाच्या सातबाऱ्यावर आता सत्तावीस नावं आहेत. थोरल्या पातीचे पुण्यात असतात, त्यांना फोन लावला. म्हणाले, "बाकीचे सगळे हो म्हणत असतील तर माझी हरकत नाही." मी वहीत यादी केलीय. नऊ जणांशी बोलून झालंय. एक कॅनडात आहे, त्याचा नंबर पोरगी शोधून देते म्हणाली.