उलटे फिरणारे मीटर : नेट मीटरिंगचा इतिहास

छतावर तयार झालेली जास्तीची वीज सार्वजनिक जाळ्यात सोडायची आणि तेवढे युनिट बिलातून वजा करून घ्यायचे, ही नेट मीटरिंगची रीत कायद्यात येण्याआधीच मीटरमध्ये होती. जुन्या मीटरमधली ॲल्युमिनियमची चकती दोन कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रांनी फिरते. त्यांतली एक कॉइल व्होल्टेजची, दुसरी प्रवाहाची. वीज घरात येत असली की चकती पुढे फिरते आणि बाहेर जाऊ लागली की मागे. हंगेरियन अभियंता ऑटो ब्लाथी याने १८८९ मध्ये या जातीचे मीटर घडवले, तेव्हा घरातून वीज बाहेर पडण्याचा प्रश्नच नव्हता.

तो ९० वर्षांनी आला. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वास्तुविशारद स्टीव्हन स्ट्राँग यांनी एका अपार्टमेंट संकुलावर सौर पॅनेल बसवून ते जाळ्याला जोडले. ऊन भरपूर आणि वापर कमी असला की तिथले मीटर उलटे फिरे. त्याआधीच, १९७८ मध्ये, तेलटंचाईने हादरलेल्या अमेरिकेने वीज कंपन्यांना छोट्या उत्पादकांची वीज विकत घेणे भाग पाडणारा ‘पुर्पा’ कायदा केला होता. पण त्यात मिळणारा दर कंपनीच्या वाचलेल्या खर्चाइतकाच, म्हणजे ग्राहक स्वतः भरतो त्याहून बराच कमी असे. शिवाय एका घराच्या किरकोळ युनिटांसाठी स्वतंत्र मीटर आणि स्वतंत्र हिशेब ठेवणे कोणालाच परवडणारे नव्हते. त्यापेक्षा आहे तेच मीटर उलटे फिरू देणे सोपे. आयडाहो (१९८०) आणि ॲरिझोना (१९८१) येथील कंपन्यांनी तेच केले. मिनेसोटाने १९८३ मध्ये ४० किलोवॅटपेक्षा लहान संचांसाठी कायदा केला. राज्य पातळीवरचा पहिला कायदा म्हणून सहसा त्याचाच उल्लेख होतो.

जर्मनीने वेगळी वाट धरली. तिथे १९९१ पासून छोट्या उत्पादकाला ठरलेला दर देऊन त्याची वीज स्वतंत्रपणे मोजली गेली. मात्र जोडणीच्या नियमांचा सर्वांत मोठा धडाही तिथेच मिळाला. जाळ्याची वारंवारिता ५०.२ हर्ट्झवर गेली की पॅनेलची वीज जाळ्याला जुळवून देणाऱ्या प्रत्येक इन्व्हर्टरने तत्काळ बंद पडावे, असा नियम छतावरची वीज नगण्य असताना केला होता. पुढे ती हजारो मेगावॅटवर गेली, आणि एवढी निर्मिती एका क्षणी नाहीशी झाली तर सगळे जाळेच कोसळेल अशी वेळ आली. २०१२ पासून तीन लाखांहून अधिक संचांची फेरजुळणी हाती घ्यावी लागली.

इन्व्हर्टर आपोआप बंद पडण्याची मूळ गरज मात्र खरी आहे. वाहिनीचा पुरवठा बंद करून लाइनमन खांबावर चढतो, तेव्हा एखाद्या छतावरून वीज उलट येत राहिली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून पुरवठा गेला की इन्व्हर्टर थांबतो, आणि बॅटरी नसलेले सौरघर भर दुपारी लख्ख उन्हात अंधारात बसते. नव्या ग्राहकाला याचे नवल वाटते, पण ही अट सैल करण्याजोगी नाही.

भारतात वितरण जाळ्याला जोडणी देण्याचे तांत्रिक नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१३ मध्ये केले. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे नेट मीटरिंग विनियम सप्टेंबर २०१५ मध्ये आले. तोवर चकती मागे पडली होती. आयात आणि निर्यात वेगवेगळी नोंदवणारे इलेक्ट्रॉनिक मीटर वजाबाकी करू लागले. दुपारी छतावर २ किलोवॅट निर्मिती होत असेल आणि घराला अर्धाच किलोवॅट लागत असेल, तर तासाला दीड युनिट निर्यातीत जमा होते आणि रात्रीच्या आयातीतून वजा होते. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण ३१ मार्चला खाते मिटते आणि शिल्लक युनिटांचा मोबदला बऱ्याच कमी दराने मिळतो. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात कामी येते हे चांगले. पण फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात साठलेले युनिट नेमके उन्हाळ्याची मोठी बिले येण्याआधी हातचे जातात. घरगुती ग्राहकाच्या दृष्टीने हिशेबाचे वर्ष चुकीच्या महिन्यात संपते.

एका रोहित्रावर किती सौर संच जोडावेत यालाही मर्यादा होती. २०१५ मध्ये रोहित्राच्या क्षमतेच्या ४० टक्के, तर २०१९ च्या विनियमांत ७० टक्के. त्याच वर्षीच्या मसुद्यात महिना ३०० युनिटांवरच्या घरगुती ग्राहकांना नेट मीटरिंग नाकारण्याचा प्रस्ताव होता. तीव्र विरोधानंतर तो मागे पडला. नेट मीटरिंगला आवर घालावा, हे वीज कंपन्यांचे म्हणणे मात्र निराधार नाही: निर्यात केलेल्या युनिटाला पूर्ण किरकोळ दर दिला की तारा आणि खांबांचा खर्च इतर ग्राहकांवर सरकतो. याच कारणाने हवाईने २०१५ मध्ये नव्या ग्राहकांसाठी ही सोय बंद केली, आणि कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या अर्जदारांच्या निर्यातीचा मोबदला सुमारे तीन-चतुर्थांशाने घटवला.

भारतात डिसेंबर २०२० च्या केंद्रीय नियमांनी नेट मीटरिंग १० किलोवॅटपर्यंत आखडले. जून २०२१ मध्ये ती मर्यादा ५०० किलोवॅटवर नेण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३ किलोवॅट संचाला ७८,००० रुपये अनुदान देणारी ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. त्याच महिन्यात केंद्रीय नियमांतील दुरुस्तीने १० किलोवॅटपर्यंतच्या संचांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीतून मोकळे केले. त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागला, तर तो वाढवून देण्याची जबाबदारी वितरण कंपनीवर टाकली.