बंदुकीचा कागद कोणाच्या कपाटात?

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घेणाऱ्याला ‘फॉर्म ४४७३’ भरावा लागतो. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख आणि गुन्ह्यांविषयीचे प्रश्न असतात. जाणूनबुजून खोटं उत्तर देणं हाच गुन्हा ठरतो. भरलेला फॉर्म मात्र सरकारकडे जात नाही, दुकानदाराच्याच दप्तरात राहतो. पुढे तीच बंदूक त्या माणसानं त्याच राज्यातल्या दुसऱ्या नागरिकाला विकली, तर केंद्रीय कायदा त्या व्यवहाराचा एकही कागद मागत नाही. म्हणजे हा कागद विखुरलेलाही आहे आणि अर्धवटही. विखुरलेपणामागे विचार आहे; अर्धवटपणा ही राहून गेलेली फट आहे. खासगीपणाच्या नावाखाली तिची पाठराखण होते, पण खासगीपणाची सर्वाधिक आबाळ त्या फटीतच होते.

१९३८च्या कायद्यानं दुकानदारांना परवाना आणि विक्रीची नोंद सक्तीची केली, पण गिऱ्हाईक खरं कोण हे पडताळण्याची सोय केली नाही. १९६३मध्ये अध्यक्ष केनेडींची हत्या झाली तेव्हा हे उणेपण उघड झालं. मारेकरी ली हार्वी ऑस्वाल्डनं शिकागोच्या दुकानातून हत्येत वापरलेली रायफल ‘हिडेल’ या खोट्या नावानं टपालानं मागवली होती. तपास अधिकाऱ्यांना दुकानाच्या मायक्रोफिल्ममध्ये तिची नोंद सापडली. नोंद होती, पण तिच्यातलं नाव तपासणं कोणावरच बंधनकारक नव्हतं. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यानं दुसऱ्या राज्यातून टपालानं परस्पर बंदूक मागवण्याला आळा घातला आणि त्यातूनच फॉर्म ४४७३ जन्माला आला. अध्यक्ष जॉन्सन यांना प्रत्येक बंदुकीची नोंदणी आणि प्रत्येक मालकाला परवाना हवा होता. काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, दोन्ही नाकारलं. विक्रीचा कागद राहिला, मालकांची मध्यवर्ती यादी झाली नाही.

पुढे ही मर्यादा अधिक घट्ट होत गेली. १९७८मध्ये बंदूकविक्रीवर देखरेख करणाऱ्या एटीएफ या केंद्रीय संस्थेनं विक्रीची माहिती दर तिमाहीला केंद्राकडे मागवण्याचा प्रस्ताव आणला, तो काँग्रेसनं हाणून पाडला. १९८६च्या कायद्यानं तर या नोंदींतून राष्ट्रीय नोंदणी उभारण्यालाच मनाई केली. १९९८पासून दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून ग्राहकाची झटपट तपासणी करून घेतो, पण मंजुरी मिळालेल्याची ओळख २४ तासांत पुसावी लागते. बंद पडलेल्या दुकानांची दप्तरं वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गच्या केंद्रात जमा होतात. त्यांच्या प्रतिमा संगणकात असल्या तरी नावानं शोधता येत नाहीत. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढताना कारखाना, घाऊक व्यापारी, दुकान अशी साखळी चढत जावं लागतं. ही दिरंगाई गैरसोयीची खरी, पण तीच मालकांची यादी होऊ देत नाही.

ही साखळी पहिल्या खरेदीदाराच्या दारात थांबते, आणि म्हणूनच खासगी विक्रेते स्वतःहून कागद करू लागले. विक्रीची पावती लिहायची, घेणाऱ्याच्या वाहन परवान्याची प्रत ठेवायची, म्हणजे उद्या चौकशी आली तर बंदूक आपल्याकडे नाही हे दाखवता येईल. घेणाऱ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ काय? त्याचं नाव, घरचा पत्ता आणि त्याच्याकडे बंदूक असल्याची खात्री एका अनोळखी माणसाच्या खणात पडून राहते. ती प्रत कशी सांभाळावी, कोणाला दाखवू नये, याचे फॉर्म ४४७३सारखे नियम तिला लागू नाहीत. सरकारी कागद नको म्हणणाऱ्याला अखेर बेवारशी कागद पत्करावा लागतो.

आक्षेप असा की, नोंद वाढली की नोंदणी येते आणि नोंदणीमागून जप्ती. ही भीती अगदीच निराधार नाही. पूर्वी २० वर्षांनंतर दुकानदार फॉर्म नष्ट करू शकत असे. २०२२च्या नियमानं ते धंदा चालू असेपर्यंत जपणं बंधनकारक केलं. पण मग भांडण नावानं शोधण्याच्या बंदीसाठी आणि कागद जपण्याच्या मुदतीसाठी हवं. व्यवहार कोरा ठेवून तो प्रश्न सुटत नाही. दुसरा आक्षेप, गुन्हेगार फॉर्म भरणारच नाहीत. खरं आहे, पण प्रामाणिक विक्रेत्यालाही आज समोरचा माणूस बंदूक बाळगण्यास अपात्र आहे का हे कळत नाही, कारण एफबीआयची ती तपासणी सामान्य नागरिकाला खुली नाही. कोलोरॅडोनं २०१३मध्ये खासगी विक्रीही दुकानदारामार्फत करायला लावली, त्याचं शुल्क १० डॉलरपर्यंत मर्यादित ठेवलं आणि जवळच्या नातलगांना दिलेल्या भेटी वगळल्या. त्यामुळे तपासणीही होते आणि कागद परक्याच्या खणाऐवजी कायद्यानं बांधलेल्या दप्तरात जातो. १९६८ची तडजोड मोडायची गरज नाही. तिच्यातला विखुरलेपणा राखून ती दुसऱ्या विक्रीपर्यंत न्यायची गरज आहे.