दिनविशेष : १ ऑक्टोबर
महार रेजिमेंटची स्थापना (१९४१)

ज्या महार शिपायांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, त्यांनाच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जातीं’च्या सिद्धान्ताचा आधार घेऊन सरकारने लष्करभरतीतून वगळले; माजी लष्करी सेवक गोपाळबाबा वलंगकर यांनी या अन्यायाविरुद्ध लेखणी उचलली, परंतु हुकूम फिरला नाही. पहिल्या महायुद्धाची निकड भासताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि १९२१ साली ती बरखास्तही झाली. संकटसमयी हाक मारावी व गरज सरताच दार लावावे, ही रीत एकट्या हिंदुस्थानची नव्हे : अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७७५ साली कृष्णवर्णीयांच्या नव्या भरतीस वॉशिंग्टन यांनी मनाई केली होती, पुढे मनुष्यबळाची टंचाई पडली, तेव्हा १७७८ साली ऱ्होड आयलंडने गुलामांना मुक्तीचे अभिवचन देऊन पलटणीत घेतले.

सुभेदार रामजी सकपाळ यांचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर नियुक्त झाले, आणि त्यांच्या आग्रहास यश येऊन आजच्या दिवशी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. याच रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ सालच्या श्रीलंकेतील पराक्रमाबद्दल मरणोत्तर परमवीरचक्र प्रदान करण्यात आले.